आंबणाऱ्या रसाचा आवाज

आंबणाऱ्या रसाला आवाज असतो. दिवसा तो ऐकू येत नाही. पंपांची घरघर, रिकाम्या क्रेटची आदळआपट, ट्रॅक्टरची ये-जा आणि माणसांची हाकाटी यांत तो बुडून जातो. रात्री अकराच्या सुमारास सगळीकडे निजानीज झाली, की पोलादी टाक्यांच्या रांगेतून चालताना तो हळूहळू कानावर येऊ लागतो. पातेल्यावर झाकण ठेवून आच मंद करावी आणि आत काहीतरी स्वतःशीच पुटपुटत राहावे, तसा तो असतो. टाकीच्या गार पत्र्याला कान लावला, की या पुटपुटण्यातून असंख्य बुडबुडे वेगळे होऊन येतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्यांची घाई असते. मग लय सापडते. आणि दहा-बारा दिवसांनी पाऊस थांबल्यावर वळचणीचे थेंब पडत राहावेत तसे ते विरळ होत जातात. या आवाजावरून आत काय चालले आहे याचा अंदाज मला पुढेपुढे येऊ लागला होता. निदान तो येतो, असे मला वाटत होते.

नाशिक जिल्ह्यातील एका वाइननिर्मितीच्या कारखान्यात मी चौदा वर्षे प्रयोगशाळा सांभाळली. युरोपात द्राक्षांची तोडणी उन्हाळा संपता संपता, सप्टेंबरच्या आसपास होते. आमच्याकडचे गणित निराळे. इथे वेलीवर वर्षातून दोनदा कात्री चालते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. त्यामुळे वाइनची द्राक्षे हाती येतात ती जानेवारी ते मार्च या काळात. रात्री थंडी, दुपारी ऊन, आणि या दोहोंच्या मध्ये साखर भरत जाणारे घोस. त्या तीन महिन्यांत कारखान्यात दिवस आणि रात्र असा भेद उरत नसे. रसातली साखर सकाळ-संध्याकाळ मोजायची, तापमान नोंदवायचे, आम्लता पाहायची, सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या जिवंत व मेलेल्या पेशी मोजायच्या, हे माझे काम. उत्साहाच्या काळात एका मिलीलिटरात या पेशींची संख्या दहा कोटींच्या घरात जाते. दहा हजार लिटरांच्या टाकीतल्या लोकसंख्येचा आकडा मी एकदा काढून पाहिला होता आणि मग नुसताच त्या टाकीकडे बघत बसलो होतो.

ज्या घरात मी वाढलो तिथे मद्याचे नाव काढले जात नसे. पण आंबवण्याची विद्या मी पहिल्यांदा पाहिली ती त्याच घरात. आई आंबोळीचे पीठ रात्री चुलीच्या उबेला ठेवी आणि सकाळी झाकण काढून आधी वास घेई. पीठ वर आले असेल तर तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते पुढे एखादी टाकी सुरळीत सुरू झाल्यावर मला स्वतःच्या ठिकाणी जाणवत असे. आपल्या भाषेने या व्यापाराला दिलेले ‘आंबणे’ हे क्रियापद मोठे अर्थपूर्ण आहे. पीठ आंबते आणि दिवसभराच्या कष्टाने अंगही आंबते. शास्त्रीय परिभाषेत त्याच व्यापाराला ‘किण्वन’ म्हणतात. हा शब्द मात्र कोणा परिभाषाकोशात नव्याने घडलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाची कर्तव्ये सांगताना ‘किण्व’ तयार करण्याची कृती दिलेली आहे, आणि द्राक्षांच्या रसापासून होणाऱ्या पेयाला ‘मधु’ म्हणून त्याचे कापिशायन व हारहूरक असे उत्पत्तिस्थानावरून पडलेले प्रकार नोंदवलेले आहेत. म्हणजे कर वसूल करणाऱ्या राज्यव्यवस्थेला ही वस्तू चांगली ठाऊक होती. ती होते कशी, हे मात्र त्यानंतर दोन हजार वर्षे कोणालाही ठाऊक नव्हते.

गंमत अशी, की आधुनिक काळात या कोड्याला पहिल्यांदा हात घातला तोही करवसुलीच्या व्यवहारातल्याच एका माणसाने. आंत्वान लाव्हाझिए हा फ्रान्सच्या राजाच्या करवसुलीच्या कंत्राटात भागीदार होता. जमाखर्चाची ताळेबंद पाहण्याची नजर त्याने रसायनशास्त्रात आणली. द्रव्य नव्याने निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हा सिद्धांत त्याने १७८९ सालच्या आपल्या ग्रंथात मांडला तो द्राक्षरसाच्या किण्वनाचा विचार करताना. आत जाते ते आणि बाहेर येते ते यांचे वजन सारखे असलेच पाहिजे. तेव्हा किण्वन हे बीजगणितातल्या समीकरणासारखे मांडता येईल, असे त्याला दिसले. त्याचे काही आकडे चुकलेले होते, हे पुढे ध्यानात आले. हिशेबाची रीत मात्र अचूक होती. गे-ल्यूसॅकने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या समीकरणाला जे रूप दिले, तेच थोड्याफार फरकाने मी शाळेत पाठ केले : साखरेच्या एका रेणूपासून मद्यार्काचे दोन रेणू आणि कर्बद्विप्राणिद वायूचे दोन रेणू. बाणाच्या डावीकडे एक वस्तू, उजवीकडे दोन. माझे जे सांगणे आहे ते या उजव्या बाजूविषयी आहे; पण तिथे पोचायला थोडा वेळ लागेल.

या समीकरणात यीस्टला जागा नव्हती. १८३७ च्या सुमारास फ्रान्समध्ये कान्यार-लातूर याने आणि जर्मनीत श्वान व क्यूट्झिंग यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहून, एकमेकांशी संबंध नसताना, एकच गोष्ट सांगितली : यीस्ट हा सजीव आहे, तो वाढतो, त्याला अंकुर फुटतात. त्या काळचे थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिग आणि व्होलर यांना हे इतके हास्यास्पद वाटले, की १८३९ मध्ये त्यांनी आपल्याच नियतकालिकात निनावी विडंबन छापले. यीस्ट म्हणजे इवलेसे प्राणी असून ते साखर गिळतात आणि एका वाटेने मद्यार्क व दुसऱ्या वाटेने वायू सोडतात, असे त्यांचे साग्र वर्णन त्यात होते. विद्वानांच्या थट्टेचे एक वैशिष्ट्य असे, की काळ कधीकधी तिच्यातला उपहास काढून घेतो आणि नुसते विधान मागे ठेवतो. इथेही जवळजवळ तसेच झाले.

लुई पाश्चर १८५४ मध्ये लील येथे विज्ञानशाखेचा अधिष्ठाता झाला. बिटाच्या रसापासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदाराच्या विनंतीवरून दोन वर्षांनी त्याने या प्रश्नात लक्ष घातले. त्याच्या १८६० च्या प्रबंधात एक साधी पण दूरगामी गोष्ट आहे. साखरेचा सगळा हिशेब मद्यार्क आणि वायू यांत लागत नाही, हे त्याने मोजून दाखवले. शंभरातले सुमारे पाच भाग अन्यत्र जातात. त्यांतून ग्लिसरीन होते, सक्सिनिक आम्ल होते, आणि काही भाग यीस्टच्या स्वतःच्या देहात जातो. समीकरणाबाहेरचे हे पाच भाग म्हणजे जिवंतपणाची खूण होती. किण्वन म्हणजे हवेवाचून चाललेले जीवन, हे त्याचे प्रसिद्ध प्रमेय याच वाटेवरचे.

१८७८ मध्ये क्लोद बेर्नार या मोठ्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या मृत्यूनंतर त्याची काही टिपणे प्रसिद्ध झाली. यीस्टशिवायही मद्यार्क होऊ शकतो, असा त्यांचा रोख होता. पाश्चरने वादाला उत्तर केवळ शब्दांनी दिले नाही. आपले बालपण गेलेल्या आर्ब्वा या गावाजवळच्या द्राक्षमळ्यात त्याने वेलींवर काचेची घरे उभारली आणि काही घोस कापसात गुंडाळले. झाकलेली द्राक्षे पिकली, चिरडली, उबेला ठेवली. पण रस आंबला नाही. उघड्यावरच्या द्राक्षांचा रस मात्र नेहमीप्रमाणे फसफसला. यीस्ट बाहेरून येते, हे सिद्ध झाले. कुठून येते, याचे एक उत्तर मिळायला २०१२ साल उजाडावे लागले. इटलीतल्या संशोधकांना गांधीलमाश्यांच्या आतड्यांत हिवाळा काढणारे यीस्ट सापडले. या माश्याच ते पुढच्या पिढीला आणि पुढच्या हंगामातल्या द्राक्षांना पोचवतात. बागेत घोसांवर घोंघावणाऱ्या गांधीलमाश्यांना हाकलताना मला नंतर नेहमी थोडे अवघडल्यासारखे होई.

पाश्चर जिंकला, असे वाटत असतानाच गोष्टीला कलाटणी मिळाली. एडुआर्ट बुखनर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ आपल्या भावाच्या वैद्यकीय प्रयोगांसाठी यीस्टचा अर्क काढत होता. यीस्ट वाळूबरोबर खलून, पेशी फोडून, दाबयंत्राखाली पिळून त्याने रस मिळवला. तो टिकेना, म्हणून मुरंब्याला घालतात तशी त्यात साखर घातली. त्या रसात एकही जिवंत पेशी नव्हती, आणि तरी बुडबुडे येऊ लागले! १८९७ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले आणि १९०७ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीतले एन्झाइम पेशीवाचूनही काम करतात, हे त्या बुडबुड्यांनी सांगितले. जीव की रसायन, या वादाचे उत्तर ‘दोन्ही’ असे निघाले. आपल्याकडच्या लोकायतिकांनी फार पूर्वी हाच दृष्टांत घेतला होता. किण्वादी द्रव्यांपासून जशी मदशक्ती उत्पन्न होते तसे देहाच्या भूतांपासून चैतन्य उत्पन्न होते, असे ते म्हणत. त्यांचा सिद्धांत कोणाला पटो न पटो. पण चैतन्याचा विचार करताना त्यांना मदिरेच्या भांड्याजवळ जावेसे वाटले, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

आता त्या पेशीच्या आत डोकावायला हवे. साखरेचा रेणू सहा कार्बन अणूंचा. यीस्ट तो दहा पायऱ्यांनी मोडून तीन-तीन कार्बनांच्या दोन तुकड्यांवर आणते. त्या तुकड्यांना पायरुव्हिक आम्ल म्हणतात. या मोडतोडीत तिच्या हाती ऊर्जेची केवळ दोन नाणी निव्वळ नफा म्हणून पडतात. परंतु प्रश्न नफ्याचा नसतो, ओझ्याचा असतो. साखर मोडताना हायड्रोजन सुटतो आणि तो वाहून नेण्यासाठी पेशीत एनएडी नावाचे वाहक रेणू असतात. हे वाहक मोजकेच. बाजार समितीच्या आवारात सगळ्याच हमालांच्या पाठीवर पोती चढलेली असावीत आणि ती उतरवायला जागा नसावी, तशी अवस्था थोड्याच वेळात येते. ओझे उतरल्यावाचून हमाल मोकळा होत नाही, आणि हमाल मोकळा झाल्यावाचून पुढची साखर मोडता येत नाही. आपल्या शरीरात हे ओझे प्राणवायू स्वीकारतो आणि त्याचे पाणी होते. बंद टाकीत प्राणवायू नाही. तेव्हा यीस्ट पायरुव्हिक आम्लातला एक कार्बन वायूच्या रूपाने सोडून देते; मागे राहतो तो ॲसिटाल्डिहाइड, कच्च्या सफरचंदाच्या वासाचा. याच्याच खांद्यावर ती हायड्रोजनचे ओझे ठेवते, आणि ॲसिटाल्डिहाइडचा मद्यार्क होतो. वाहक मोकळे होतात, पुढची साखर आत येते. ज्याच्यासाठी काव्ये लिहिली गेली आणि घरे उद्ध्वस्त झाली तो मद्यार्क यीस्टच्या लेखी एवढाच आहे : उतरवून ठेवलेले ओझे.

पण मग प्राणवायू भरपूर असताना तरी यीस्टने श्वसन करावे की नाही? त्यात ऊर्जा कितीतरी पटींनी अधिक मिळते. साखर मुबलक असली, की ती तसे करत नाही; हवा असूनही मद्यार्कच करते. कर्करोगाच्या पेशींत असाच प्रकार १९२९ मध्ये वर्णन करणाऱ्या क्रॅबट्री या शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. ही उधळपट्टी का, याचे आज सर्वसाधारणपणे दिले जाणारे स्पष्टीकरण असे, की ती उधळपट्टी नव्हेच. द्राक्षाच्या सालीवर आरंभी इतर जातींच्या यीस्टचीच गर्दी असते आणि आपले यीस्ट त्यांत क्वचितच आढळते. भराभर साखर संपवायची, मद्यार्क करून ठेवायचा. त्या विषाने प्रतिस्पर्धी पाच टक्क्यांच्या आसपासच गारद होतात. मग निवांतपणे, हवा मिळेल तेव्हा, तोच मद्यार्क अन्न म्हणून वापरायचा. त्यासाठी तिच्याजवळ वेगळे एन्झाइम राखून ठेवलेले असते. योजना निर्दोष आहे. फक्त तिच्यात माणूस धरलेला नाही. आम्ही टाकी बंद करतो, हवा तोडतो आणि साठवलेले अन्न खाण्याची वेळ तिच्यावर येऊ देत नाही. मद्यार्क तेरा-चौदा टक्क्यांवर जातो, पेशीचे आवरण गळू लागते, आणि तिने इतरांसाठी केलेल्या विषात ती स्वतःच मरते. हंगामाच्या शेवटी टाकीच्या तळाशी जो फिकट गाळ बसतो तो मी शेकडो वेळा पाहिला आहे. त्याला गाळ म्हणणे सोयीचे असते.

या जीवाशी वागताना तिची गरज ओळखावी लागते, हे मी हळूहळू शिकलो. रसात नायट्रोजन कमी पडला की ती सडक्या अंड्यासारखा वास सोडते. ती तिची तक्रारच असते. टाकी तापली, की ती आधी बेभान होते आणि मग एकाएकी थांबते. थांबलेली टाकी पुन्हा सुरू करणे हे तापलेल्या माणसाची समजूत काढण्याइतकेच कठीण. आणि तिच्या वाटेत काही ठेवले, तर ती दुसरी वाट काढते. पहिल्या महायुद्धात जर्मनीला बाहेरून चरबी मिळेना आणि स्फोटकांसाठी लागणारे ग्लिसरीन दुर्मीळ झाले. तेव्हा किण्वनाच्या टाकीत सल्फाइट घालण्यात आले. सल्फाइट ॲसिटाल्डिहाइडला धरून ठेवते. ओझे ठेवायला खांदा उरत नाही. मग यीस्ट ते आधीच्याच एका तुकड्यावर ठेवते आणि त्याचे ग्लिसरीन होते. वाइनला किंचित गोलाई देणारा पदार्थ अशा रीतीने तोफांच्या कामी आला. बुखनर त्याच युद्धात सेनादलात होता. ऑगस्ट १९१७ मध्ये रुमानियात फोक्शानी येथे जखमी होऊन तो मरण पावला. यीस्टकडे यातल्या कशाचाच जमाखर्च नाही. तिला केवळ वाहक मोकळे करायचे असतात.

हे सारे मी आमच्या कारखान्यात येणाऱ्या पाहुण्यांना रंगवून सांगत असे. वाइन चाखायला मुंबई-पुण्याहून मंडळी येत. लाव्हाझिएपासून गांधीलमाशीपर्यंत सगळा इतिहास ऐकताना ती रमून जात. समीकरणाची उजवी बाजू सांगताना मद्यार्कावर मी अर्धा तास बोले आणि दुसऱ्या पदार्थाविषयी एक वाक्य : ‘आणि हा वायू उडून जातो.’ वास्तविक त्याचा आकडा मला तोंडपाठ होता. लिटरभर रसात सव्वादोनशे ग्रॅमांच्या आसपास साखर असली, तर तिच्यापासून पन्नास लिटरांहून अधिक वायू निघतो. दहा हजार लिटरांची एक टाकी आपल्या आठ-दहा दिवसांच्या संसारात पाच लाख लिटर वायू बाहेर टाकते. वेलीने हवेतून घेतलेले हवेला परत जाते, असे म्हणून मी त्याला एक सुंदर वळणही देत असे. पण हा वायू हवेच्या दीडपट जड असतो. तो उडून जात नाही. तो पाण्यासारखा वाहतो, सखल जागी साचतो आणि वाट पाहतो.

२००८ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. शिराझ जातीच्या द्राक्षांची एक टाकी तयार झाली होती. वरचा द्रव काढून घेतला होता आणि आत साली व बिया यांचा कंबरभर चोथा उरला होता. असा चोथा टाकीच्या बुडाशी असलेल्या दारातून फावड्याने ओढून काढतात आणि पिळायला नेतात. दार उघडून काही वेळ हवा खेळू द्यायची, बाहेरून जेवढा निघेल तेवढा काढायचा, मग आत शिरायचे, अशी रीत होती. पण ती कुठे लिहिलेली नव्हती. त्या दिवशी दोन ट्रॅक्टर द्राक्षे घेऊन फाटकात उभे होते आणि टाकी लवकर रिकामी हवी होती. लवकर हवी, असे सकाळी मीच म्हणालो होतो. पेठ तालुक्यातून हंगामापुरता आलेला एक तरुण मजूर फावडे घेऊन दारातून आत वाकला. बाहेर असलेल्याला आधी फावडे पडल्याचा आवाज ऐकू आला. मी पोचलो तेव्हा त्याचे पाय दारापाशी दिसत होते आणि मुकादम त्याच्यामागून आत शिरण्याच्या बेतात होता. मी मुकादमाला कमरेला धरून मागे ओढले. तो मला शिव्या देत होता. त्याला वाटले, मी त्याला माणूस वाचवू देत नाही. अशा अपघातांत पहिल्यापाठोपाठ त्याला काढायला गेलेले मरतात, हे मी वाचलेले होते. आम्ही चौघांनी बाहेरूनच त्याचे पाय धरले आणि त्याला ओढून काढले. उघड्यावर ठेवल्यावर त्याने पहिला श्वास घेतला, तोपर्यंतचा वेळ किती होता हे मला सांगता येणार नाही. आजूबाजूच्या टाक्या आपल्या लयीत पुटपुटत होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच तो आवाज मला ऐकवेना.

रात्रभर त्याला रुग्णालयात ठेवले. सकाळी तो उशीला टेकून बसला होता आणि त्याची बायको बशीत ओतलेला चहा त्याच्यापुढे धरत होती. मी त्याला समजावू लागलो, की द्राक्षे आंबताना एक वायू निघतो, तो जड असतो, त्यात दिवाही जळत नाही. तो ऐकत होता. मग अगदी शांतपणे म्हणाला, ‘साहेब, आमच्याकडे जुन्या विहिरीत उतरायचं म्हटलं की आधी दोरीनं कंदील सोडतात. विझला तर कोणी उतरत नाही. हे पोरासोरांना ठाऊक असतं. टाकी म्हणजे विहीरच आहे, हे मात्र आम्हाला कोणी सांगितलं नाही.’

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला अधिक लागले. जे मी पुस्तकातून शिकलो होतो त्याचे सार त्याच्या गावाजवळ पिढ्यानपिढ्या होते. त्याला अज्ञानी समजून मी काही सांगितले नव्हते असेही नाही. त्याला काही सांगायचे असते, हेच माझ्या मनात आले नव्हते. त्या चौदा वर्षांत पाश्चरची काचघरे मी शेकडो पाहुण्यांपुढे उभी केली होती. त्यांतला एकही जण कधी टाकीत उतरणार नव्हता. जे उतरत होते त्यांच्यापाशी मी फक्त वेळेची चौकशी करत होतो. लाव्हाझिएच्या ताळेबंदाचे कौतुक करणाऱ्या माझ्या हिशेबातून निम्मी उजवी बाजू गळाली होती, ती दिसत नव्हती म्हणून नव्हे, तर विकली जात नव्हती म्हणून.

त्यानंतर जे करायचे ते आम्ही केले. वायू मोजणारे यंत्र आणले, दारापाशी लावायला पंखे आणले, एकट्याने आत शिरायचे नाही असा नियम झाला. कंदिलावर विसंबून चालत नाही, हेही सर्वांना सांगितले. कारण हवेत हा वायू चार टक्क्यांवर गेला तरी माणसाला धोका असतो, आणि ज्योत त्याहून बराच काळ तग धरते. फलक लावला. त्याचा मजकूर मी तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. त्यात शास्त्र फार येत होते.

पुढच्या हंगामात तो परत येईल, असे मला वाटले नव्हते. पण जानेवारीत तो आला, येताना गावाकडची आणखी दोन मुले घेऊन आला. पहिली टाकी रिकामी करायची वेळ आली तेव्हा मी यंत्र घेऊन निघालो, तर तो आधीच दारापाशी उभा होता. दार उघडे होते, पंखा चालू होता, आणि ती दोन मुले चार हात दूर बसवून तो त्यांना काही सांगत होता. मी खांबाआड थांबलो. ‘ही विहीर आहे,’ तो म्हणत होता, ‘हिच्यातलं पाणी दिसत नाही.’ मुलांनी मान डोलावली. मग त्यांतल्या एकाने विचारले, ‘मग ती भरली आहे हे कळतं कसं?’ त्याने शेजारच्या भरलेल्या टाकीकडे बोट दाखवले. ‘कान लाव तिला,’ तो म्हणाला, ‘हा आवाज चालू आहे तोवर ही भरतेच आहे असं समज. आणि थांबला, तरी साहेबांचं यंत्र आल्याशिवाय आत जायचं नाही.’

फलकावर मी शेवटी त्याचेच वाक्य लिहिले.